धनुष्याचा पावसाळा

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पानं देतो, शमीची पूजा करतो. शमीची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. पांडव अज्ञातवासात जायला निघाले, विराटनगरीजवळ आल्यावर त्यांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली आणि वर्षभराने परत काढली. शाळेत ही गोष्ट सांगितली की वर्गातलं एखादं तरी पोर विचारायचंच, "बाई, वर्षभर झाडावर ठेवलेली धनुष्यं पावसात भिजली नाहीत का?" मोठी माणसं असला प्रश्न विचारत नाहीत. गाण्डीव म्हणजे अग्नीने दिलेलं दिव्य धनुष्य, त्याला पाऊस काय करणार, असं म्हणून मोकळी होतात.

गंमत अशी की महाभारतकाराला मात्र तो प्रश्न पडला होता. विराटपर्वात हा प्रसंग नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे पाचही भावांनी आपापल्या धनुष्याची दोरी आधी उतरवली. एकेकाचं नाव घेऊन, त्या धनुष्याने कोणते पराक्रम केले ते सांगून, मग त्याने दोरी उतरवली असं तिथे म्हटलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नकुल झाडावर चढला आणि जिथे पावसाचं पाणी पोचणार नाही अशा मजबूत जागा बघून त्याने ती धनुष्यं घट्ट बांधली. मग लोकांनी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत टांगलं आणि ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, असं गुराख्यांना सांगून टाकलं. प्रेताची युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहते. पावसाचा आडोसा आणि उतरवलेली दोरी लक्षात राहत नाही. मला मात्र वाटतं, ज्याने हे लिहिलं त्याने धनुष्य सांभाळणारी माणसं जवळून पाहिली असली पाहिजेत.

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येतं. पण जरा हिशेब करून बघा. लढाई चालते एक दिवस, फार तर दोन. उरलेलं सगळं आयुष्य धनुष्य खुंटीला, पेटाऱ्यात नाहीतर कोठारात काढतं. त्याचा खरा शत्रू समोरच्या सैन्यात नसतोच. तो भिंतीतून, जमिनीतून, हवेतून येतो. त्याचं नाव ओल. आणि तिचं जुळं भावंड म्हणजे उष्णता.

आता यात थोडं विज्ञान आलं. मी भाषा आणि इतिहास शिकवणारी, तेव्हा माझ्या पद्धतीने सांगते. झाड तोडलं तरी लाकडाचं पाणी पिणं थांबत नाही. आषाढात आपलं लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि चैत्रात तेच दार सैल होऊन खडखडतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के आणि तापमान २० अंश असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास जातं आणि ३० टक्क्यांवर उतरली की जेमतेम ६ टक्के उरतं. लाकडी धनुष्याला साधारण ८ ते १० टक्के पाणी मानवतं, असं आजचे कारागीर सांगतात.

पाणी जास्त झालं तर लाकडाचे तंतू मऊ पडतात. धनुष्य ओढलं तर वाकतं, पण सोडल्यावर पूर्वीच्या जोमाने उसळत नाही. हळूहळू ते कायमचं वाकतं आणि बाण जवळच पडू लागतो. उलट पाणी फार कमी झालं तर लाकूड कडक होतं पण ठिसूळही होतं, आणि पूर्ण ओढल्यावर एक दिवस काडकन मोडतं. म्हणजे ओल धनुष्याला म्हातारं करते आणि अतिकोरडेपणा त्याचा अपघाती मृत्यू घडवतो!

उष्णतेचंही तसंच. ओलं लाकूड तापलं की ते वळतं. कारागीर वाफेवर धरून लाकडाला हवा तो बाक देतात तो याच गुणामुळे. पण हाच गुण कोठारात घात करतो. दमट, गरम खोलीत धनुष्य कोपऱ्यात तिरकं टेकवून ठेवलं तर ते आपल्याच भाराने हळूहळू बाक धरतं. दोरी चढवलेली असेल तर विचारायलाच नको, कारण मग ते रात्रंदिवस ताणलेलंच असतं. पांडवांनी आधी दोऱ्या उतरवल्या त्याचं मर्म हे. शिवाय लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत किंवा आकसत नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, पण आडवं मात्र चांगलंच, आणि आडव्यातही वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. त्यामुळे हवा एकदम बदलली की तडा जातो. एखादी स्थिर हवा लाकूड सोसतं. आज ओलं, उद्या कोरडं ही ओढाताण त्याला सोसवत नाही.

हे सगळं कौटिल्याला ठाऊक होतं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्ष, म्हणजे शस्त्रागाराचा प्रमुख, याच्या कामांवर एक प्रकरण आहे. त्यात धनुष्यं कशाची करावीत हे सांगितलं आहे. ताडाची, एका जातीच्या बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे. पण त्या यादीच्याही आधी, प्रकरणाच्या सुरुवातीलाच, तो अध्यक्षाला सांगतो की शस्त्रांच्या जागा वरचेवर बदलाव्यात आणि त्यांना ऊन व वारा पुन्हा पुन्हा दाखवावा. उष्णता, ओल आणि कीड यांनी जी वस्तू बिघडते आहे ती वेगळ्या रीतीने ठेवावी. उष्णता, ओल, कीड. तीन शत्रू, आणि त्यांची नावं शस्त्रांच्याही आधी! आपल्या घरातल्या बायका पावसाळ्यानंतर गाद्या, धान्य, लोकरीचे कपडे उन्हात घालायच्या, तेच हे काम. फरक इतकाच की इथे त्यावर राज्य अवलंबून होतं.

यात आणखी एक योगायोग आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं विद्वानांना नावानेच माहीत होता. १९०५ साली त्याची ताडपत्रावरची पोथी म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात आली आणि आर. शामशास्त्री यांनी ती १९०९ साली छापली. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठाने रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६० साली काढली. ताडपत्रालाही ओल, उष्णता आणि कीड हेच तीन शत्रू. कुणीतरी, कुठेतरी, ती पानं पिढ्यान्‌पिढ्या नीट राखली म्हणून कौटिल्याचा हा सल्ला आज आपल्यापर्यंत पोचला.

आता तिथून एकदम इंग्लंडमध्ये जाऊ या, कारण लाकडी धनुष्याचं नाव घेतलं की इंग्लंड टाळता येत नाही. इंग्रजांचं माणसाएवढं उंच धनुष्य 'यू' नावाच्या झाडाच्या एकाच दांड्यातून तासलेलं असे. बाहेरच्या अंगाला झाडाचं कोवळं पांढुरकं लाकूड, ते ताण सोसतं. आतल्या अंगाला गाभ्याचं तांबूस लाकूड, ते दाब सोसतं. या लाकडाची त्यांना एवढी निकड होती की १४७२ साली चौथ्या एडवर्डच्या काळात कायदाच झाला. परदेशातून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने दर टनामागे चार धनुष्यांचे दांडे आणलेच पाहिजेत!

१५४५ साली रॉजर अ‍ॅश्कम या माणसाने धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' नावाचं पुस्तक लिहिलं आणि आठव्या हेन्रीला अर्पण केलं. राजाने खूष होऊन त्याला वर्षाला दहा पौंडांचं मानधन बांधून दिलं. अ‍ॅश्कम पेशाने शिक्षक. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथला लॅटिन आणि ग्रीक त्यानेच शिकवलं, आणि मुलांना मारून शिकवू नये असं सांगणारं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५७० साली निघालं. (असा माणूस मला जवळचा वाटला तर नवल नाही.) तो धनुष्याबद्दल ज्या आपुलकीने लिहितो ती वाचण्यासारखी आहे. धनुष्याला लोकरीच्या कापडाची पिशवी शिवावी. मेण लावलेल्या फडक्याने ते घासत जावं. दगडी भिंतीच्या फार जवळ ठेवू नये, तिथे ते ओल धरून अशक्त होतं. विस्तवाच्याही फार जवळ ठेवू नये, तिथे ते ठिसूळ होतं. एखाद्या नाजूक प्रकृतीच्या मुलाबद्दल त्याच्या आईला सांगावं तसं. कौटिल्य आणि अ‍ॅश्कम यांची भेट होणं शक्यच नव्हतं, पण दोघांनी एकच गोष्ट लिहिली, कारण लाकूड पाटलीपुत्रातही तसंच वागतं आणि केंब्रिजमध्येही.

एकाच लाकडाचं धनुष्य तसं सोशिक म्हणायचं. खरी नाजूक तब्येत ती मध्य आशिया, चीन, तुर्कस्तान इथल्या जोडधनुष्याची. मध्ये लाकूड किंवा बांबू, पोटाकडून शिंगाची पट्टी, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे धागे, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा सरस. ताकद जबरदस्त आणि आकार लहान, म्हणून घोडेस्वाराला सोयीचं. पण सुतारकामातला सरस ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या लगेच लक्षात येईल की ओलीपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय लाकूड, शिंग आणि स्नायू हे तिघेही ओल पितात, पण आपापल्या मापाने. एक जास्त फुगतो, एक कमी, आणि तिघांना धरणारा सरस त्याच वेळी मऊ पडलेला. प्राचीन चिनी ग्रंथात अशा धनुष्यासाठी ऋतूंचं वेळापत्रकच दिलं आहे. हिवाळ्यात लाकूड चिरायचं, वसंतात शिंग भिजवायचं, उन्हाळ्यात स्नायू तयार करायचे आणि शरदात तिन्ही जोडायचे.

१६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने 'थिएनकोंग खाय्‌वू' नावाचा ग्रंथ छापला. भातशेतीपासून कागदापर्यंत आणि मिठापासून तोफांपर्यंत आपल्या देशातली सगळी कारागिरी त्याने त्यात चित्रांसह नोंदवली आहे. हाही शिक्षकच! राजधानीतल्या सर्वांत मोठ्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला आणि एका लहान गावी अध्यापकाची नोकरी करणारा. धनुष्यांबद्दल तो सांगतो की त्यांना सर्वांत जास्त भीती बुरशीच्या दिवसांची. दक्षिण चीनमध्ये आलुबुखार पिकण्याच्या सुमाराला, साधारण जून-जुलैत, जो चिकट झिमझिम पाऊस लागतो, ते हे दिवस. आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. या दिवसांत अधिकाऱ्यांच्या घरी धनुष्यांसाठी खास कपाट असे आणि त्याच्या खाली रोज कोळशाचा मंद विस्तव ठेवत. साध्या शिपायाला असलं कपाट कुठून परवडणार? तो आपलं धनुष्य चुलीच्या धुराड्यावर ठेवी. थोडा आळस केला की धनुष्य कुजलं नाहीतर उकललंच म्हणून समजा, असं तो बजावतो.

पुढे तो जे सांगतो ते वाचून मी बराच वेळ थांबले. त्या वर्षांत सरकारी हुकूम निघाला होता की दक्षिणेकडच्या प्रांतांनी धनुष्यं बनवून उत्तरेला पाठवावीत. त्यांनी बनवली, पाठवली, आणि ती ढिगाने नापसंत होऊन परत आली. कारण काय? तर विस्तवापासून दूर गेलं की हे धनुष्य बिघडतं, ही साधी गोष्ट कुणी ध्यानात घेतली नाही. दक्षिणेच्या दमट हवेत बनवलेलं धनुष्य, शेकडो मैलांचा प्रवास, आणि वाटेत ऊब नाही. हुकूम काढणाऱ्यांना धनुष्यांची संख्या कळत होती, तब्येत कळत नव्हती. या ग्रंथानंतर सातच वर्षांनी, १६४४ साली, मिंग राजवट कोसळली. धनुष्यं बिघडली म्हणून ती कोसळली असं मी मुळीच म्हणणार नाही. दुष्काळ, बंडं, रिकामा खजिना अशी कारणांची मोठी रांग आहे. पण ज्या राज्यात चुलीवर धनुष्य शेकणाऱ्या शिपायाला जे माहीत आहे ते हुकूम काढणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही, त्या राज्याच्या प्रकृतीबद्दल काही अंदाज बांधता येतो.

चुलीवरून मला आपल्याकडची कामठी आठवते. नोकरीची काही वर्षं मी सातपुड्याच्या पायथ्याशी काढली. तिथल्या भिल्लांची कामठी बांबूची, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. कौटिल्याच्या यादीत दोरीसाठी बांबू आहे, ते वाचताना मला एकदम ही दोरी दिसली. सुती किंवा तागाची दोरी भिजली की तिची लांबी आणि ताण बदलतो, बांबूची साल त्यामानाने पाणी कमी दाद देते. विद्यार्थ्यांच्या घरी गेले की झोपडीच्या आत, चुलीच्या धुराच्या वाटेवर वासाला अडकवलेली कामठी दिसायची. धुराने काळी झालेली. चुलीची ऊब ओल धरू देत नाही आणि धुराला कीड फिरकत नाही. कौटिल्याच्या तीन शत्रूंपैकी दोन एका चुलीने राखले. ही विद्या त्या माणसांनी कुठल्या ग्रंथात वाचली नव्हती आणि तिला विद्या म्हणावं असं आम्हा शिकलेल्यांपैकी फारसं कुणाला वाटतही नव्हतं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आतापर्यंतच्या सगळ्या नियमांना उलटी आहे. अ‍ॅश्कमचं पुस्तक निघालं त्याच १५४५ सालच्या जुलैच्या १९ तारखेला आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका पोर्ट्‌स्मथजवळच्या समुद्रात, राजाच्या डोळ्यांदेखत बुडाली. शेकडो माणसं गेली. तिच्यावर पेटाऱ्यांत भरलेली धनुष्यं होती. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ती नौका वर काढण्यात आली. त्या उत्खननात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. जमिनीवर जी धनुष्यं कोरड्या कोठारांत, लोकरीच्या पिशव्यांत, मेण लावून जपली होती, ती त्या काळातली इंग्रजी युद्धधनुष्यं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाहीत. आणि जी पाण्यात बुडाली ती चारशे सदतीस वर्षं टिकली!

हे कसं? समुद्रतळाच्या गाळात ती गाडली गेली. तिथे प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे लाकूड कुजवणारे जीव फार वाढू शकले नाहीत. आणि हवा बदलण्याचा प्रश्नच नव्हता. आज ओलं, उद्या कोरडं ही ओढाताण नाही. कायमची, न बदलणारी ओल. खरा धोका वर काढल्यावर सुरू झाला. अशा जुन्या लाकडाच्या पेशींचा आकार आतल्या पाण्यानेच धरलेला असतो. ते पाणी एकदम उडून गेलं तर पेशी मिटतात आणि लाकूड सुरकुतून फाटतं. म्हणून नौकेच्या सांगाड्यावर आधी वर्षानुवर्षं गार पाणी आणि मग १९९४ पासून २०१३ पर्यंत पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचं द्रावण फवारत राहिले. ते पेशींत शिरून पाण्याची जागा घेतं. त्यानंतर हळूहळू, मोजून मापून वाळवण सुरू झालं. म्हणजे शेवटी पुन्हा तेच आलं. ऊन, वारा, ओल यांचा हिशेब ठेवत रोज कुणीतरी लक्ष घालायचं.

त्या धनुष्यांचा आकार टिकला, पण जोर टिकला नव्हता. मग त्यांच्या मापाबरहुकूम नवी धनुष्यं बनवून आणि गणित मांडून अंदाज काढला, तेव्हा ती ओढायला साधारण १०० ते १८५ पौंडांचा जोर लागत असावा असं दिसलं. सांभाळण्याचे असे दोन अर्थ निघतात. वस्तू शिल्लक राहणं हा एक, आणि ती कामाची राहणं हा दुसरा. समुद्राने पहिला साधला. दुसरा साधायला विस्तव घालणारा, फडक्याने पुसणारा, दोरी उतरवून ठेवणारा माणूसच लागतो.

इतिहासाच्या पुस्तकांत मी आयुष्यभर लढायांच्या तारखा शिकवल्या आणि मुलांनी त्या पाठ केल्या. पण श्रावणातल्या एखाद्या उघडिपीला कोठारातली धनुष्यं कुणी बाहेर काढली, कुणी उलटसुलट करून उन्हात ठेवली आणि पुन्हा सर आली तेव्हा कुणी धावत जाऊन आत घेतली, याची तारीख कुठल्याच पुस्तकात नाही. कौटिल्याने त्या कामासाठी हुद्दा नेमला आणि कामाची यादीही दिली. त्या हुद्द्यावर बसलेल्या एकाही माणसाचं नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा पावसाळा सरल्यावर येते, आणि माझा आपला एक तर्क आहे की पूजेच्या आधी शस्त्रं काढायची, पुसायची, तपासायची, यात त्या अनाम माणसाच्या कामाचा काही अंश उरला असावा. यंदा शमीला हात जोडाल तेव्हा गाण्डीव उचलणाऱ्याबरोबर, फांदीवर पाऊस न पोचणारी जागा शोधणाऱ्या नकुलालाही एक नमस्कार करा.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी किंवा गावी जुनी कामठी असेल, आणि ती कशी राखतात हे कुणा वडीलधाऱ्याला ठाऊक असेल, तर मला जरूर लिहा. ते लिहून ठेवलेलं बरं.